आजीनं ऐकलेली गस्त

माझा मोठा काका विमानातून पडून मेला नाही. विमान जमिनीला टेकता टेकता मेला.

लोक चुकीचं सांगायचे आणि आत्या प्रत्येक वेळी हे असं दुरुस्त करायची.

आज सकाळी आत्याही गेली.

साठच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा नव्हतेच. जे माहीत आहे ते तिच्याकडून.

काका नागपुरात शिकता शिकता विमान चालवायचं ट्रेनिंग घेत होता. त्या दुपारी इन्स्ट्रक्टरबरोबर यवतमाळकडे आला. शहराबाहेरच्या कच्च्या पट्टीवर लँडिंग होतं. वारा मध्येच जोरात, मध्येच गप्प.

चाकं टेकणारच होती. वाऱ्यानं एक पंख उचलला, दुसरा मातीत घुसला.

इन्स्ट्रक्टर वाचले. हात गळ्यात बांधून ते कळंबजवळच्या आमच्या गावी आले. आजीपुढे जमिनीवर बसले.

"माँजी, उसकी गलती नहीं थी. गस्ट आया."

आजीनं ऐकलं, गस्त आली.

दीक्षेच्या आधी गावाची रात्रीची गस्त आजोबांकडे होती. आमच्या लोकांवर पिढ्यान् पिढ्या लादलेलं काम. छप्पन साली दीक्षा घेतली आणि आजोबांनी काठी टाकली. पाटलाला तोंडावर म्हणाले, "माहा पोरगा आता शिकन. गस्त तुमची तुमी घाला."

तीच सोडलेली गस्त पोराच्या मागे गेली, असं आजीनं धरलं. कोणाला बोलली नाही. फक्त आजोबांना जेवायला वाढताना रोज एकच वाक्य.

"तुमी काठी टाकाले नोको होती."

एका संध्याकाळी आजोबांनी आढ्यातली काठी काढली.

आत्या तेव्हा मॅट्रिकला. ती दारात आडवी आली.

"कुठी चालले, बा?"

"पाटलाकडं. गस्त मांगाले."

"काहून?"

उत्तर चुलीपासून आलं, आजीचं. "तिनंच नेलं त्याले. सायेब नाई बोलला काय, गस्त आली म्हणून?"

आत्याला आधी काही कळेना. मग कळलं, आणि ती ओरडलीच.

"गस्त नाई वं माय, गस्ट! उपणताना वारा एकदम येते अन् सारा भुसा तोंडावर फेकते का नाई? त्याले इंग्रजीत गस्ट म्हणते."

"निस्ता वारा?"

"निस्ता वारा."

आजीनं चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग म्हणाली,

"मंग मी राग कोणावर काढू वं?"

"माह्यावर काढ."

त्या दिवशी चुलीत ती काठी जळली. भाकरी तिच्यावर भाजल्या. आजोबा पोटभर जेवले, आणि जेवता जेवता रडले.

आजीनं मात्र शब्द खरा केला. भाकर करपली, आत्यावर राग. आत्या शिक्षिका झाली, गावानं पेढे खाल्ले, तरी राग. स्थळं आली, आत्यानं परत पाठवली, त्याचाही राग.

मी सातवीत असताना एकदा न राहवून विचारलं, "आत्या, तू उलट का नाही बोलत?"

वह्या तपासता तपासता ती हसली.

"मी बोलली तर माय पुन्हा बाच्या मागं लागन."

आजोबा जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. मी तसं म्हटलं.

"म्हणून काय झालं," आत्या म्हणाली. "तिचा पोरगा तर रोजच मरते."

आत्या, तू कधी कोणाजवळ रडलीस ते मला माहीत नाही. माझ्याजवळ नाही.

जयभीम, आत्या. ये आता, जा म्हणवत नाही.