अनितानं गोळ्या बंद केल्या

डॉक्टर मित्रांनो, आज लिहिल्याशिवाय राहवत नाही.

सकाळी संग्रामपूरच्या माझ्या दवाखान्यात मोबाइलवर मिरगीच्या उपचारांचा ऑनलाइन वर्ग ऐकत होतो. शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "रुग्ण गोळ्या का सोडतो, हे त्यालाच विचारा." मी वहीत लिहून घेतलं.

वर्ग संपायच्या आत अनिताला आणलं. दोन वर्षांपासूनची माझी रुग्ण. वर्षभरात एकही झटका नव्हता, आज मात्र झटके थांबेचनात. इंजेक्शनं दिली, ऑक्सिजन लावला. अकोल्याला न्यायची गाडी दारात आली तोवर ती गेली होती.

तिचा नवरा भिंतीशी बसला होता. म्हणाला, "गोयीनं तिले झोप येत होती. कापूस वेचनं होत नव्हतं, बाकीच्या बाया पुढे निंघून जात. आठ दिवसांपासून बंदच केली होती तिनं."

"मले काऊन नाही सांगितलं?"

"तुम्ही इचारलंच नाही, साहेब."

त्याच्या आवाजात राग नव्हता. दर महिन्याला मी फक्त झटके आले का, एवढंच विचारायचो. औषध बदलता आलं असतं.

तुमच्या हातून असं झालंय का कधी? दुसऱ्या दिवशी दवाखाना कसा उघडलात?