दारातून परत पाठवलेले पाळकसाहेब

दोन वर्षे माझी प्रार्थना आटून गेली होती आणि ते मी कुणालाही सांगितले नव्हते. रविवारी उपासनेला जात होते, गुडघे टेकत होते, सगळ्यांबरोबर ओठ हलवत होते. पण क्षमा मागण्याचे शब्द जवळ आले की माझा आवाज बंद पडे. शेजारच्या बाईला वाटे, वयामुळे दम लागत असेल. मी जन्मभर नर्स होते. नाडी लपवता येत नाही हे मला माहीत होते, पण मन लपवता येते अशी माझी समजूत होती.

सांगलीजवळची आमची ख्रिस्ती मंडळी तेव्हा दुभंगलेली होती. अर्धे लोक जुन्या दगडी चर्चमध्ये उपासना करत आणि अर्धे कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत, एका वर्कशॉपच्या शेडमध्ये. मोबाईलवरचे ग्रुप वेगळे झाले, नाताळच्या गाण्यांच्या फेऱ्या वेगळ्या झाल्या. एकदा तर दोन्ही फेऱ्या एकाच गल्लीत समोरासमोर आल्या आणि दोघांनीही गाणे थांबवून एकमेकांना वाट दिली. त्या क्षणी जी शांतता पसरली ती मला अजून ऐकू येते. सगळे म्हणत, पाळकसाहेबांमुळे मंडळी फुटली. ती माझ्यामुळे फुटली होती, हे फक्त दोन माणसांना ठाऊक होते. एक मी आणि दुसरे स्वतः पाळकसाहेब.

पाळकसाहेब, म्हणजे आमच्या चर्चचे धर्मगुरू, वयाने माझ्या मुलाएवढे. आल्या वर्षीच त्यांनी उपासनेत पेटीच्या जोडीला गिटार आणली, तरुणांना बायबलमधले वचन वाचायला उभे केले आणि महिला मंडळाचे काम माझ्याकडून घेऊन मंडळीत लग्न होऊन आलेल्या एका नव्या सुनेकडे दिले. बोलले अगदी नम्रपणे. मीही हसून मान हलवली. पण ते मला मनातून लागले. सत्तावीस वर्षे मी ते काम पाहिले होते. देवाची सेवा म्हणून जे केले ते मनातल्या मनात केव्हा माझ्या मालकीचे झाले, मला कळलेच नव्हते.

त्याच सुमारास रूथअक्काचे यजमान शेवटच्या आजारात होते. आम्ही सगळे त्यांना मास्तर म्हणायचो. रूथअक्का माझ्याहून चार वर्षांनी मोठी, माझ्या सख्ख्या बहिणीसारखी. मी रोज त्यांच्याकडे जाऊन मास्तरांचे बघत असे. त्या दिवशी दुपारी रूथअक्का थकून आतल्या खोलीत आडवी झाली होती. मास्तरांना दोन रात्रींनंतर प्रथमच झोप लागली होती. तेवढ्यात पाळकसाहेब प्रभुभोजनाची, म्हणजे पवित्र भाकर आणि द्राक्षरसाची, पेटी हातात घेऊन दारात आले. बाहेर पाऊस होता, त्यांची पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली. मी उंबऱ्यातच त्यांना हळू आवाजात सांगितले, आत्ताच डोळा लागलाय, उद्या सकाळी या. ते बरे म्हणाले आणि गेले. मास्तर पहाटे गेले.

त्यांना परत पाठवले यात माझी चूक नव्हती. रोग्याची झोप मोडू नये, हे कुठलीही नर्स सांगेल. चूक पुढे झाली. प्रभुभोजन न घेता मास्तर गेले, याचे दुःख रूथअक्काला मरणापेक्षाही मोठे वाटले. पाळक आले नाहीत, एवढेच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. तिचा मुलगा सामुएल म्हणाला, "आई, ते येऊन गेले होते. मला फोनवर सांगितलं त्यांनी." तिने माझ्याकडे पाहिले. खोलीत बरीच माणसे होती. मी म्हणाले, "मला काही माहीत नाही."

चार शब्द. ते का निघाले, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. त्या घडीला रूथअक्काने माझ्यावर रागवू नये म्हणून निघाले, असे मी बरेच दिवस स्वतःला सांगितले. पण पुढे पंधरा दिवसांनी मी चर्चच्या वरिष्ठांना पत्र लिहिले, मरणाऱ्या माणसाकडे पाळक फिरकले नाहीत म्हणून, तेव्हा मला कुणाची भीती नव्हती. अक्षर सुंदर आले होते. पाळकसाहेबांची बदली झाली. त्यांच्या बाजूची माणसे चिडून बाहेर पडली आणि सामुएलने त्यांना आपल्या वर्कशॉपची शेड दिली. रूथअक्काने भरल्या घरात त्याला खोटारडा म्हटले आणि बोलणे टाकले. तो बायकोला घेऊन कुपवाडला राहायला गेला. मायलेकरांच्या मध्ये मी उभी होते, आणि दोघांपैकी एक रोज संध्याकाळी माझा हात धरून रडत होती.

गेल्या वर्षी पाऊस सरताना पाचगणीला बायकांचे तीन दिवसांचे प्रार्थना शिबिर होते. रूथअक्का गुडघ्यांमुळे आली नाही, मी मात्र गेले. साताऱ्याला एसटी बदलली, वाईच्या पुढे घाट चढू लागलो तशी खिडकीतली झाडे एकेक करून पुसट होत गेली आणि वर पोचलो तेव्हा जगाला पांढरे पांघरूण घातल्यासारखे झाले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी बोलणाऱ्या बाईंनी विचारले, विश्वासात आपण वयाने वाढलो की फक्त जुने झालो? त्या सहज बोलून पुढे गेल्या. मी मात्र तिथेच राहिले. कुणाला न सांगता चपला घातल्या आणि बाहेर पडले.

पठाराकडे जाणारा रस्ता मला ओळखीचा होता, म्हणून तोच धरला. वर गेल्यावर धुके इतके दाट झाले की पुढे केलेला हात मनगटापाशी संपत होता. पाय कुठे पडतो ते दिसत नव्हते, नुसते ओले गवत लागत होते. चालता चालता वेळेचे भान गेले. मला मास्तरांच्या घराचा उंबरा दिसल्यासारखा होई, त्यावर उभे भिजलेले पाय दिसत, मग काहीच दिसत नसे. मागे वळले, पण मागे आणि पुढे यात आता फरक उरला नव्हता. मोबाईलला रेंज नव्हती. हाक मारली तर धुक्याने ती गिळून टाकली.

मग मी थांबले आणि दोन वर्षांत पहिल्यांदा खरे बोलले. मोठ्याने. प्रभू, मी त्यांना पाहिले होते. मीच परत पाठवले होते. एवढेच. पुढे मागायला काही सुचले नाही आणि सोडव असेही म्हणाले नाही. म्हणून झाले आणि मी एक पाऊल उचलले.

"बाई, हाय तितंच उभ्या ऱ्हावा. फुडं कडा हाय."

आवाज माझ्या उजवीकडून, अगदी शांतपणे आला. पाठोपाठ घुंगरांचा बारीक नाद, आणि मग धुक्यातून एका पांढऱ्या घोडीचे तोंड बाहेर आले, तिचा लगाम धरलेले एक म्हातारे गृहस्थ मागोमाग. डोक्यावर जाळीची टोपी, खांद्यावर पोत्याची खोळ. पर्यटकांना घोड्यावर फिरवणारे होते. गिऱ्हाईक नव्हते म्हणून घरी निघालेले. त्यांनी माझा हात घेतला नाही, नुसती घोडी जवळ आणली.

"तिच्या मानंवर हात ठेवा आन् चाला. वाट तिला ठावं हाय. तुमी तिला वढू नगा, एवढंच."

मी हात ठेवला. ती मान ऊबदार होती आणि तिच्यातून वाफ निघत होती. किती वेळ चाललो, सांगता येणार नाही. मला काही ठरवायचे नव्हते, काही सांभाळायचे नव्हते. झोपेत कुणी उचलून नेताना लहान मूल जसे सैल असते, तशी मी होते. उताराला लागलो तेव्हा त्या घोडेवाल्या बाबांनी विचारले, कुठे सोडू. शिबिराची जागा सांगितली तर म्हणाले, ती दूर पडेल, आधी गरम काहीतरी पोटात जाऊ दे. शाळेच्या वसतिगृहात एक पाद्री राहतो, लय भला माणूस, माझी बायको दवाखान्यात होती तेव्हा आठ दिवस माझ्याशेजारी बाकावर बसून होता. तिकडे जाऊ.

दार उघडले, तर समोर आमचे पाळकसाहेब.

त्यांची बदली साताऱ्याच्या बाजूला कुठे तरी झाली, एवढेच माझ्या कानावर होते. कुठे, हे मी कधी विचारले नव्हते. मी उंबऱ्याबाहेर होते, चिखलात माखलेली, आणि ते आत. ते म्हणाले, "मावशी, या. आधी आत या." त्यांच्या पत्नीने माझे पाय पुसले, स्वतःचे लोकरी मोजे घातले. बाबा बाहेरच्या बाकावर बसून बशीतून चहा प्यायले आणि मी आभार मानायला बाहेर येईपर्यंत घोडीला घेऊन निघूनही गेले. घुंगरू तेवढे थोडा वेळ ऐकू येत होते.

मी त्यांना सगळे सांगितले. त्यांना ते माहीतच होते, तरी त्यांनी मध्ये अडवले नाही. पत्र कुणाचे हेही त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होते, कारण त्या दुपारी दारात तिसरे कुणी नव्हते. मग तुम्ही बोलला का नाहीत, मी विचारले.

"मावशी, तुम्ही उद्या या म्हणालात तेव्हा मला बरं वाटलं होतं," ते म्हणाले. "मी दमलो होतो, भिजलो होतो. दाराबाहेर पाच मिनिटं थांबलो असतो तर कदाचित मास्तर जागे झाले असते. तुमच्या पत्रात ती गोष्ट नव्हती, पण मला माहीत होती. त्यामुळे तुमच्याविरुद्ध तोंड उघडायला मला जमलं नाही. आणि गप्प राहणं म्हणजे क्षमा, अशी मी स्वतःची समजूत घातली. सामुएलचा मात्र माझ्या गप्प बसण्यानं घात झाला."

आम्ही दोघांनी तिथेच गुडघे टेकले. त्यांनी माझ्यासाठी प्रार्थना केली आणि मग मला त्यांच्यासाठी करायला सांगितली. कुणा पाळकासाठी, त्याच्या पापांची क्षमा मागत, मी आयुष्यात पहिल्यांदा प्रार्थना केली. आवाज बंद पडला नाही.

सांगलीला उतरले ती घरी न जाता थेट रूथअक्काकडे गेले. संध्याकाळची उन्हे तिच्या ओट्यावर पडली होती, ती शेंगा सोलत होती. मी तिच्यासमोर खाली बसून सांगितले. एकही सबब घातली नाही. तिचे हात थांबले. सोललेले दाणे ओच्यातून खाली घरंगळले, तिने उचलले नाहीत.

"माज्या पोराला मी खोटारडा म्हटलं," ती म्हणाली. "तुज्यावर इस्वास ठेवून." आणि मग, "जा आता घरी."

मी गेले. पुढचे तीन आठवडे तिने माझा फोन उचलला नाही. चर्चमध्येही मी कमिटीपुढे उभी राहून सांगितले आणि वरिष्ठांना दुसरे पत्र लिहिले. माझ्याच बाजूची काही माणसे माझ्यावर उखडली, इतक्या दिवसांनी हे उकरून काय मिळवलेस म्हणाली. नवल म्हणजे मला एकटे वाटत नव्हते. घोडीच्या मानेवर ठेवलेला तो हात अजून तिथेच आहे असे वाटे, दिवसभर, स्वयंपाक करतानाही.

चौथ्या रविवारी मी रिक्षाने कुपवाडला गेले. त्या लोकांपुढेही कबूल करणे बाकी होते. वसाहतीत सुट्टीची सामसूम होती. शेडच्या पत्र्याच्या दारातून गाण्याचा आवाज येत होता. लेथ मशीनवर स्वच्छ चादर अंथरलेली, समोर प्लास्टिकच्या खुर्च्या. मी दारातच उभी राहिले, पाय उचलेना. आणि मग पहिल्या रांगेत मला पांढरा अंबाडा दिसला. रूथअक्का बसली होती, शेजारी सामुएल, त्याची लहान मुलगी तिच्या मांडीवर झोपलेली.

तिने मान वळवली. आमची नजरानजर झाली. तिने सामुएलला काहीतरी सांगितले. तो उठला, मागच्या बाजूची एक खुर्ची उचलून आणली आणि आपल्या आईच्या दुसऱ्या बाजूला ठेवली. मग दारापर्यंत आला आणि म्हणाला, "या मावशी. आई बोलावतीय."

आता दोन्हीकडचे लोक महिन्याच्या पहिल्या रविवारी एकत्र प्रभुभोजन घेतात. बाकीचे रविवार अजून वेगळे आहेत आणि दोन कुटुंबे परत आलीच नाहीत. रूथअक्का माझ्याशी बोलते, पण कमी बोलते. ते मी मागून घेतलेले नाही आणि नाकारतही नाही. त्या बाबांना शोधायला मी पुन्हा एकदा पाचगणीला गेले होते. घोडेवाले पुष्कळ होते, ते सापडले नाहीत. ते कोण होते याचा वाद मी स्वतःशी घालत नाही. देवाच्या घरात पन्नास वर्षे काढूनही मी पाळण्यातच होते, आणि त्याने मला पाळण्यातून खाली उतरवले, एवढे मला पुरते. मंडळीचे काय व्हायचे ते तो करील. मी माझ्या खुर्चीवर बसते, दोन्ही हात रिकामे मांडीवर ठेवते, आणि त्याचे आभार मानते.