अर्ध्या विहिरीचं घर

कुंभकोणमात त्या काळी घर विकत घेण्याआधी पुरुष खोल्यांची रुंदी पावलांनी मोजत, ती शास्त्राला धरून आहे की नाही ते बघत, आणि त्या घरात कोण कसं गेलं याची शेजारीपाजारी चौकशी करत. बायका विहिरीचं पाणी कळशीभर घरी आणून त्यात तुरीची डाळ शिजवत. डाळ मऊ झाली की घर चांगलं. एवढ्यावर व्यवहार होत आणि लोक त्या घरांतून सुखानं राहत, सुखानं भांडत.

आमच्या ह्यांना एवढ्यावर समाधान नव्हतं. हे शाळेत गणित शिकवत. त्यांच्याबरोबरच्या एका मास्तरांनी डाळीच्या भरवशावर घर घेतलं होतं आणि ऐप्पसी महिन्याच्या, म्हणजे आश्विन-कार्तिकातल्या, पावसात त्यांचं स्वयंपाकघर चार बोटं खाली बसलं. डाळ मात्र अजूनही उत्तम शिजते, असं ते स्वतःच सांगत. तेव्हापासून ह्यांनी ठरवलं होतं की आपण घर घेतलं तर शिकलेल्या माणसाकडून तपासून घ्यायचं, त्याच्याकडून लेखी अहवाल घ्यायचा, मग इसार द्यायचा. नात्यातले लोक विचारू लागले, घर घेतोस की धरण बांधतोस?

आम्ही तेव्हा एका लांबच्या नातलगांच्या घरामागे दोन खोल्यांत भाड्यानं राहत होतो. विहीर त्यांची. त्यांच्याकडच्या सगळ्यांच्या आंघोळी, सोवळं, धुणं उरकलं की माझी पाळी. मी पाणी ओढायला लागले आणि रहाट जरा कुरकुरला की मालकीणबाई आतून खोकायच्या. त्यांना खोकला नव्हता. लग्न होऊन आल्यापासून मी त्या खोकल्यावर पाणी भरत होते. त्यामुळे गावातल्याच मेलकावेरी भागातलं ते विकाऊ घर पहिल्यांदा बघितलं, मागच्या अंगणात गेले, विहिरीच्या काठावर हात ठेवला आणि कोणीही खोकलं नाही, तेव्हाच मला ते घर हवं झालं. पाणी घरी आणून डाळ शिजवली ती केवळ रीत म्हणून. ती छान शिजली. न शिजती तरी मी शिजली म्हणूनच सांगितलं असतं.

ह्यांना मात्र मी यातलं काही सांगितलं नाही. घर बघायला निघतानाच त्यांनी बजावलं होतं, "आवडलें तरी तोंडावर दिसूं देऊं नको. बोलूं तर नकोच." व्यवहारात बाईनं हौस दाखवली की किंमत चढते, हे आमच्याकडे लहान मुलांनाही ठाऊक होतं. म्हणून मी दुखवट्याला बसल्यासारखं तोंड करून ते घर बघितलं.

घर एका सत्तरीच्या तमिळ बाईंचं होतं. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. घर विकून त्या तिरुच्चीला भाचीकडे जाणार होत्या. सगळी गल्ली त्यांना पाटी म्हणायची, म्हणजे आजी, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. पाटींशी हे तमिळमध्ये बोलत आणि माझ्याशी मराठीत. यात काही वावगं आहे असं आम्हाला वाटत नसे. पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेल्या आम्हा मराठी लोकांची ती जुनी सोय होती. बाजारात, दवाखान्यात, सोयरिकीच्या बैठकीत जे दुसऱ्यांनी ऐकू नये ते आम्ही मराठीत बोलत असू, आणि तेही मोठ्यानं. जवळच्या मरुदानल्लूर गावच्या भजनात तमिळ मंडळी आमचे अभंग घसा ताणून म्हणत, टाळ्या वाजवत, डोळे मिटत. त्यांना त्यातलं अक्षर कळत नाही असा आमचा पक्का समज होता. तेव्हा भाषेवरून राज्यं आखायचं घाटत होतं. मराठी बोलणाऱ्यांचं राज्य कुठंतरी लांब होणार होतं, त्याचं आम्हाला फारसं काही नव्हतं. आमच्यापुरतं मराठी हे दार लावून घेतलेलं घर होतं.

तपासणीला ह्यांनी ज्यांना बोलावलं ते ह्यांच्या आईकडून लांबचे मामा लागत. जन्मभर सरकारी नोकरीत कालवे आणि बंधारे मोजून निवृत्त झालेले, आणि आता फी घेऊन घरं तपासणारे. नात्यातले असून त्यांनी फी सोडली नाही, म्हणून ह्यांचा त्यांच्यावर विश्वास बसला. ते सकाळीच आले. पिशवीत टेप, ओळंबा, पाणसळ, एक हातोडी आणि वाळवी शोधायला गोणपाट शिवायचं दाभण. पाटी झोपाळ्यावर बसून छोट्या खलबत्त्यात विडा कुटत होत्या. मामांनी त्यांना नमस्कार केला, तमिळमध्ये चार शब्द बोलले आणि कामाला लागले.

मामांची रीत अशी, की ते घर कालव्यासारखं बघत. पाऊस कुठून शिरेल, कुठं साठेल, कुठून बाहेर पडेल. जे दिसेल ते मोठ्यानं सांगत आणि हे वहीत उतरवून घेत. अर्थात मराठीत.

"मागली भिंत ओळंब्यांत नाहीं. बोटभर बाहेर गेली आहे."

"पडेल कां?" ह्यांनी विचारलं.

"पडेल. आपण असेपर्यंत नाहीं."

मग त्यांनी माजघरातल्या तुळया ठोकल्या, दाभण टोचून बघितलं.

"वाळवी?"

"होती. जेवून गेली."

उजवीकडची भिंत शेजाऱ्यांची निघाली. या घराच्या तुळया तिच्यावर सुम्मा टेकल्या आहेत, मामा म्हणाले, सुम्मा म्हणजे उगीच, हक्कानं नव्हे. शेवटी आम्ही मागच्या अंगणात गेलो. तिथली विहीर दोन घरांत मिळून एक होती. तिच्या तोंडावरून मधोमध कुसाची भिंत गेलेली, अर्धं तोंड या अंगणात, अर्धं पलीकडच्या. दोन्ही घरांनी आपापल्या बाजूनं पाणी ओढायचं. खाली पाणी एकच. पलीकडचं घर आता गोदाम झालं होतं, तिरुभुवनमच्या रेशमाचे गठ्ठे ठेवायला घेतलेलं.

मामांनी विहिरीत बराच वेळ डोकावून बघितलं. मग आत येऊन पाणसळ पिशवीत ठेवता ठेवता म्हणाले, "अर्धी विहीर म्हणजे विहीर नव्हे. आज गोदाम आहे, उद्यां कोण येईल ठाऊक नाहीं. गाळ कोणीं काढायचा, कठडा कोणीं बांधायचा, जन्मभर कोर्ट. मी लिहून देतों, घेऊं नये."

मला वाटलं, घर गेलं. तोंड मात्र दुखवट्याचंच होतं, त्यामुळे कोणाला फरक कळला नाही.

"किंवा कमी करून घ्यावें," हे म्हणाले. मामांना नीट ऐकू जाईल असं मोठ्यानं, आणि तेही झोपाळ्यापासून दोन हातांवर उभं राहून. "एकटी बाई आहे, जायची घाई आहे. पोंगलपर्यंत थांबलों तर आपणच उतरेल."

खलबत्त्याचा आवाज थांबला. पाटींनी विडा तोंडात घातला, बत्ता पदराला पुसला आणि झोपाळा पायानं थांबवला.

"मामांनीं पाहिलें तें सगळें बरोबर," त्या म्हणाल्या. "दोन गोष्टी राहिल्या."

मराठीत. आमच्या घरी माझी आजेसासू बोलायची तसं, आमच्यापेक्षा जुनं आणि स्वच्छ. मामा टेप गुंडाळत होते ते गुंडाळतच राहिले. टेप संपला होता.

"स्वैंपाकघराच्या कोपऱ्यांत कार्तिकांत गळतें. कौलें बदललीं, तरी गळतें. तिथें पातेलें ठेवायचें. आणि मागल्या दाराची कडी बाहेरून उघडते."

"कोणाला?" मामांनी विचारलं. ते अजून कामावरच होते.

"सगळ्यांना. आणि पोंगलपर्यंत मी थांबणार नाहीं. त्याआधींच जातें. आतां तुम्हीं विचार करा. माझ्यादेखत नको असेल तर इंग्रजींत बोला, ती मला येत नाहीं."

ह्यांचं इंग्रजी भूमितीपुरतं होतं, मामांचं बंधाऱ्यांच्या दारांपुरतं. मला तर येतच नव्हतं. ह्यांनी भांबावून तमिळमध्ये विचारलं, पाटींना मराठी कुठून आली? पाटींनी मराठीतच उत्तर दिलं.

"विहिरींतून. पलीकडे तुमचीच एक बाई होती. रोज सकाळीं पाणी काढतां काढतां आपल्या सुनांचीं गाऱ्हाणीं सांगायची. मला कळत नाहीं म्हणून मोकळेपणीं सांगायची, तुमच्यासारखीच. मी ऐकत राहिलें. ऐकतां ऐकतां कळूं लागलें. एके दिवशीं तिच्या सुनेची कांहीं चूक नव्हती, तर मला राहवलें नाहीं. मी बोललें."

"मग?" हा प्रश्न माझ्या तोंडून निघाला. बोलू नको हे मी विसरले.

"मग कांहीं दिवस ती विहिरीवर आलीच नाहीं. त्यानंतर ती जाईपर्यंत रोज आली." पाटींनी झोपाळ्याची कडी हातानं चाचपली. "तिच्या पोरांनीं घर गोदामाला दिलें. आतां पलीकडून कोणी बोलत नाहीं. मी इथें राहून काय करूं?"

गळक्या कोपऱ्याबद्दल पाटी ज्या आवाजात बोलल्या त्याच आवाजात हेही बोलल्या. मला रडू आलं. मी ते आवरलं नाही, कारण आता किंमत चढण्याउतरण्याच्या पलीकडे सगळं गेलं होतं.

पाटींनी माझ्याकडे बघितलं. "भिंतीचें मामांनीं सांगितलें, किमतीचें ह्यांनीं सांगितलें. तूं दोनदां येऊन गेलीस, कांहींच बोलली नाहींस. तुला घर पाहिजे कां, पोरी?"

लग्नाआधी मला कोणी विचारलं नव्हतं आणि लग्नानंतर विचारायचा प्रश्न आला नव्हता. माझ्या घरात मी मराठीत ऐकलं ते हे कर, ते नको करू, पाणी झालं का, डाळ शिजली का. तुला काय पाहिजे, हे मला आमच्या भाषेत पहिल्यांदा एका परक्या बाईनं विचारलं.

"पाहिजे," मी म्हटलं. आवाज जरा मोठाच निघाला.

हे वहीत बघत होते, जणू उत्तर तिथं लिहिलेलं असेल. मग त्यांनी वही मिटली. मामांना म्हणाले, "मामा, अहवालांत काय लिहायचें?"

"घेऊं नये, असेंच," मामा म्हणाले. "मोजणी मोजणीच्या जागीं. घ्यायचें तर घ्या."

पाटींनी सांगितलेली किंमत होती तीच राहिली. ह्यांनी ती कमी करून मागितली नाही, आणि पाटींनी त्याबद्दल त्यांचे आभारही मानले नाहीत. मामांना कॉफी मिळाली. आम्हालाही मिळाली.

परत जाताना मामा आपल्या वाटेनं गेले आणि आम्ही दोघं चालत निघालो. हे पुढं आणि मी दोन पावलं मागं, नेहमीसारखं. बराच रस्ता ते वही काखेत धरून झपझप चालत होते. मला वाटलं रागावले असतील, आणि वाटलं, रागावू देत. मग ते थांबले. मी जवळ येईपर्यंत थांबून राहिले. भर रस्त्यात, जाणारेयेणारे सगळे ऐकतील असं, पण मराठीतच त्यांनी विचारलं, "झोपाळा असूं द्यायचा कीं काढायचा? तुला कसें पाहिजे?"

उत्तर द्यायला मला कोपऱ्यापर्यंतचा रस्ता लागला. मला सवय नव्हती.