बिरोबाचा एडका

सिद्धेश्वर धरणाच्या कडेला एका वाडीत अनुसयाबाई मेंढरं राखायची. घरात नवरा नामाजी, मुलगा शिवहार आणि सून दिपाली. दिपालीला फेफरं यायचं. अंगारे-धुपारे झाले, हिंगोलीचा दवाखाना झाला. मग शेजारचा तातेराव म्हणाला, "वहिनी, एकाच देवाला धरा. दुसरं कुणी न्हाईच. माझा आखडलेला हात उघडला बघा."

त्याच्या ओसरीवर प्रार्थना भरायची. दिपाली तिथं बसू लागली आणि फेफरं थांबलं. गोळ्याही सुटल्या. तिच्याकडं बघून उरलेली घरं एकेक करत आली. देव्हाऱ्यातले देवांचे टाक धरणात गेले.

राहिला तो एडका. पिल्लू असतानाच बिरोबाच्या नावानं सोडलेला. अशा एडक्याला कातर लावत नाहीत. त्याची लोकर भुईला टेकली होती आणि कळप त्याच्याच मागं चालायचा.

"त्यालाबी कातरा. मन दोन्हीकडं राहिलं की दुखणं परत येतं, वहिनी," तातेराव म्हणाला.

"मग तुमीच कातरा," नामाजी म्हणाला. "हात तर उघडलाय तुमचा."

तातेराव हसला नाही.

सुनेपायी अनुसयाबाईनंच कातर घेतली. एडका जागचा हलला नाही. लोकर उतरली तसं आतून एवढंसं जनावर निघालं की तिचा हात थरथरला. मेंढरं त्याच्याकडं तोंड करून नुसती उभी राहिली. एकही चरेना.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी दिपाली मेंढवाड्यात पडली. दातखीळ बसलेली, तोंडाला फेस. मेंढरं भोवती तशीच गप्प उभी. हा कोप बिरोबाचा, की कातरताना तिचा हात थरथरला म्हणून तातेरावच्या त्या एका देवाचा, अनुसयाबाईला कळेना. विचारायचं तरी कुणाला?

शुद्धीवर येताच दिपाली म्हणाली, "आत्याबाई, कुणाला सांगू नका."

"काहून? शिवहार घेऊन जाईल हिंगोलीला. गोळ्या चालू करू."

"माझ्याकडं बघून आले सगळे. आता मीच पडले तर म्हणतील, हिच्यातच खोट हाय."

पुढच्या प्रार्थनेला दिपाली उठून म्हणाली, "मी बरी हाय." बायांनी डोळे पुसले. मग एकेक जण उठून आपलं दुखणं गेल्याचं सांगू लागला. सगळ्यांचा सूर एकसारखा. अनुसयाबाईनं त्या दिवशी नीट पाहिलं. तातेरावनं डाव्या हातानं उजव्या हाताची बोटं हळूहळू उलगडली, आणि मगच तो हात वर केला. ती बघतेय हे त्याला दिसलं. त्यानं नजर हटवली नाही.

"वहिनी, तुमी सांगा."

सगळी तोंडं तिच्याकडं वळली.

"बरी हाय माझी सून," ती म्हणाली.

दिपालीनं तिचा हात धरला. सुनेच्या त्या हाताला झटके येऊ लागले. अनुसयाबाईनं तो पदराखाली ओढून घट्ट दाबला, आणि सगळ्यांपेक्षा मोठ्यानं प्रार्थना म्हणू लागली.