मांडीतली गाठ

आमच्या दादाचं कात्र्या-सुऱ्यांना धार लावायचं दुकान. पायाने चाक फिरवायचं, हाताने पातं धरायचं. जन्मभर उजवाच पाय चालवल्यामुळे त्याची उजवी मांडी डावीपेक्षा जाड. वहिनी म्हणायची, "ह्यांची पँट शिवताना शिंपी दोन माणसांची मापं घेतो."

दादाचं आतड्याच्या कर्करोगाचं ऑपरेशन पार पडलं होतं. आता सगळं आलबेल आहे असं वाटत असतानाच त्या उजव्या मांडीत गाठ आली. न्हावी, शिंपी, खाटीक, दुकानात येणारा प्रत्येक जण छातीठोकपणे सांगू लागला, की ही त्या चाकाचीच मेहरबानी. मला असल्या फुकट्या वैद्यांचा भारी राग. दादाला मात्र ते पटलं. उजव्या पायाला सुट्टी देऊन तो डाव्याने चाक फिरवू लागला. कात्र्या वाकड्या घासल्या जायला लागल्या, गिऱ्हाइकं कुरकुरली आणि गाठ वाढतच गेली.

"पायाला कामच नाही, मग ही वाढते कशावर?" दादाने मला विचारलं. त्याला कुतूहल वाटत होतं, मला धडकी भरली. मी त्याला जवळजवळ ओढतच डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

सुईने काढलेल्या तुकड्यात आतड्याच्याच कर्करोगाच्या पेशी निघाल्या.

"आतड्यातल्या पेशी मांडीत?" दादा चक्रावला.

"हा रोग यकृतात जातो, फुप्फुसात जातो," बाई म्हणाल्या. "स्नायूत फार क्वचित."

"का बरं?"

"नक्की कुणालाच ठाऊक नाही. स्नायू सतत हलतो, म्हणून त्या पेशींना तिथे बस्तान बसवता येत नसावं, असा एक अंदाज आहे."

दादाचा चेहरा खर्रकन उतरला. "म्हणजे पाय थांबवून मीच त्यांना जागा करून दिली?"

"अहो, गाठ आधी आली, पाय तुम्ही नंतर थांबवलात. यात तुमचा काही दोष नाही."

दादाने मोठा सुस्कारा सोडला. मीही.

तपासण्यांमध्ये दुसरीकडे कुठे काही सापडलं नाही. गाठ काढायचं ठरलं, पण तिच्याबरोबर मांडीचा मोठा स्नायूही जाणार होता. त्या पायाने पुन्हा चाक फिरणार नव्हतं.

दवाखान्यात भरती व्हायच्या आदल्या दिवशी मी दुकानात गेले, तर हा उजव्या पायाने चाक फिरवतोय!

"अरे, दुखत नाही का तुला?"

"दुखतंय की," तो म्हणाला. "पण अगं, ह्यानेच सगळ्यांना पोसलं. उगाच रिकामा बसवून कसा पाठवू?"

मी स्टूल ओढलं आणि त्याच्या शेजारी बसून पोटभर रडून घेतलं.