चिंधी बांधलेलं टमाटं

लातुरात आमच्या शेजारच्या काकूंच्या अंगणात फक्त गावरान टमाटे. नर्सरीतली रोपं कुणी फुकट दिली तरी त्या दारातूनच परत करतात. "दिसायला लई देखणं हाय, पण साराला चव न्हाई."

सगळ्यात चांगलं फळ बियाण्याला राखायचं, म्हणून त्याच्या देठाला जुन्या लुगड्याची चिंधी बांधतात. मागच्या हिवाळ्यात नव्या जावयानं नेमकं तेच तोडून तोंडात घातलं. काकूंच्या जागी मी असतो तर हसून सोडून दिलं असतं. काकूंनी डोक्यावरचा पदर सावरला आणि त्याच्या तोंडापुढं तळहात धरला.

"जावईबापू, टमाटं गिळा. बी इथं थुका."

तो थुंकला. ते बी त्यांनी राखेत घोळून वाळवलं.

यंदा त्याच बियांची रोपं जावयाच्या गच्चीवर आहेत. चिंधी त्यानंच बांधलीय.