एकदम निरोगी मुलगी

कंपनीनं नमिताला पहिला मेमो दिला तो ब्युरेट फोडल्याबद्दल, दुसरा फ्लास्क फोडल्याबद्दल आणि तिसरा, त्या महिन्यात काच काही फुटली नाही म्हणून की काय, रजिस्टरवर सॅम्पल सांडल्याबद्दल. तिन्ही मेमोंत शब्द एकच होता : निष्काळजीपणा. नमितानं तिन्ही मेमो तारीखवार फाइलला लावले. लॅबमध्ये इतकी काळजी दुसरं कुणी घेत नसे. नऊ वर्षांत कुठली बॅच कधी नापास झाली आणि का, हे तिला तोंडपाठ होतं. ऑडिटला बाहेरचे साहेब आले की मॅनेजर आधी तिला शोधायचे. ती यायची, दाराच्या चौकटीला खांदा आपटायची आणि मग सगळी उत्तरं बिनचूक द्यायची.

वय सदतीस. सासर रोह्याचं, माहेर पेणचं. सायकल तिला आली नाही, स्कूटर तर कुणी हातातच दिली नाही. साडीला निऱ्या घालताना पाचवी घेतली की पहिली सुटायची. लग्नानंतर वर्षभरात सासरच्या घरातली काच संपली आणि स्टील आलं. नवरा निलेश पाहुण्यांना सांगायचा, "आमच्याकडं चहा पेल्यातच मिळतो. कपबशा आम्ही फक्त दुकानात बघतो." पाहुणे हसायचे. नमिताही हसायची. वेंधळ्या माणसानं निदान हसरं तरी असावं, हा नियम ती लहानपणीच शिकली होती.

मग कंपनीनं एका शाळेत मुलांच्या तपासणीचं शिबिर घेतलं आणि नोंदणीच्या टेबलावर नमिताला बसवलं. नावाच्या चिठ्ठ्या मुलांच्या शर्टाला पिनेनं टोचायच्या, एवढंच काम. तिसऱ्या चिठ्ठीपर्यंत तिच्या बोटातून दोनदा रक्त आलं. पनवेलहून आलेली सुरभी नावाची थेरपिस्ट शेजारी उभी राहून बघत होती.

"ताई, पिन लावायला नेहमीच इतका वेळ लागतो?"

"सॉरी हां. मी जरा वेंधळी हाय."

"वेंधळी असं काही निदान नसतं," सुरभी म्हणाली, आणि जेवणाच्या सुट्टीत तिनं दहा प्रश्न विचारले. चेंडू झेलता यायचा का, बुटाची नाडी कितव्या वर्षी जमली, डावं-उजवं चटकन कळतं का, शाळेत अक्षरावरून मार बसायचा का. दहा प्रश्नांत नमिताचं सगळं बालपण येऊन गेलं. सुरभीनं एका कोऱ्या चिठ्ठीवर शब्द लिहून दिला : डिस्प्रॅक्सिया. हातापायांना काय करायचं ते मेंदूकडून नीट पोचत नाही, बुद्धीशी त्याचा संबंध नाही, जन्मापासून असतं आणि मोठेपणी जात नाही. चिठ्ठी नमितानं पर्समध्ये ठेवली आणि त्या दिवशी दहा वेळा काढून वाचली.

एचआरच्या समीक्षा मॅडम माणूस म्हणून वाईट नव्हत्या. डॉक्युमेंटेशनची एक जागा रिकामी होती, तीही त्यांना माहीत होती. "डॉक्टरांचा कागद आणा, मेडिकल ग्राउंडवर बदली करते. थेरपिस्टचा नको, डॉक्टरांचा. महिनाअखेरपर्यंत. चौथा मेमो मी देत नाही नमिताताई, त्याच्यानंतर जे देतात ते द्यावं लागेल."

आता डॉक्टरांचं असं, की प्रत्येकाला आपल्या कपाटात जे औषध असेल तोच आजार दिसतो. रोह्याच्या डॉक्टरांना तिच्यात बी ट्वेल्व्हची कमतरता दिसली. पाच इंजेक्शनं झाल्यावर नमिता पूर्वीइतक्याच गोष्टी पाडत होती, फक्त दंड दुखत असल्यामुळं डाव्या हातानं. हाडांच्या डॉक्टरांनी मानेचा एक्स-रे काढला आणि मान चांगली आहे म्हणून सांगितलं. पनवेलच्या मेंदूच्या डॉक्टरांनी एमआरआय करून घेतला, फिल्म उजेडात धरली आणि म्हणाले, "अभिनंदन. मेंदू एकदम स्वच्छ आहे."

"सर, ते डिस्प्रॅक्सिया..."

"मोबाइलवर वाचलंत?"

"नाही, एका थेरपिस्टनं सांगितलं."

"ते लहान मुलांना असतं."

"मी लहान होते ना सर."

डॉक्टरांनी पहिल्यांदा फिल्मवरून नजर काढून तिच्याकडं बघितलं. "लहानपणचा काही पुरावा आहे? तेव्हाच्या डॉक्टरांची नोंद, चिठ्ठी? सदतीस वर्षं कुणाच्याच लक्षात आलं नाही, असं कसं होईल? काहीतरी कागद आणा, मग बघू."

कागद म्हटल्यावर नमिताचा जीव भांड्यात पडला. कागद हा तिचा प्रांत, आणि पेणला डॉक्टरकाका होते.

डॉक्टरकाका, म्हणजे डॉक्टर दत्तात्रेय, हे पेणमधलं असं प्रस्थ होतं की माणसं त्यांना आजार दाखवायची तशी जागाजमीनही दाखवायची. वय एकोणऐंशी. दवाखाना बंद केलेला, पण ओटीवर बसून ब्लडप्रेशर बघणं चालू. एक्क्याऐंशी सालापासूनचा एकही केसपेपर टाकलेला नाही, हा त्यांचा अभिमान. घराघराचं वेगळं बाड, नाडीनं बांधलेलं. नमिताचं लग्नही त्यांनीच जमवलं होतं. निलेशचे वडील हैबतराव त्यांचे जुने स्नेही. पेणची मुलगी म्हटल्यावर रोहेकर मंडळी पोह्याचे पापड बघतात, म्हणून बघण्याच्या दिवशी पापडांचं ताट मांडलं होतं, आणि पहिला तुकडा मोडून डॉक्टरकाकाच म्हणाले होते, "हाताला गुण आहे पोरीच्या."

नमितानं आईला, गिरजाबाईंना, आठवडाभर आधी फोनवर सगळं सांगितलं होतं. "येत्ये रविवारी, काकांकडं जुना पेपर असेल तर बघत्ये." आई म्हणाली होती, "बघ बाई," आणि गॅसवर काहीतरी उतू जातंय म्हणून फोन ठेवला होता.

रविवारी नमिता एसटीनं नागोठणे, गडब, वडखळ करत पेणला उतरली. उतरताना शेवटची पायरी चुकली, पण ते रोजचंच. काकांनी हसून स्वागत केलं. काकूंनी चहा आणला : काकांना कपबशी, हिला स्टीलचा पेला. या घरात तिला लहानपणापासून पेलाच मिळायचा. त्याला ती आजवर लाड समजत आली होती.

काकांनी बाड सोडलं. वडिलांचा केसपेपर होता. आईचा होता. चुलतबहीण मैनाचा होता, त्यात कांजिण्यांपासून बाळंतपणापर्यंत सगळं. "तुझा तेवढा दिसत नाही गं," काका चष्मा पुसत म्हणाले. "वाळवी लागली असेल."

"बाकीच्यांना नाही लागली, काका?"

"वाळवीचं काय सांगावं."

तेवढ्यात काकू आतून आल्या, बिचाऱ्या मदतीच्या भावनेनं. "अहो, हा काय! परवा गिरजाबाई आल्या होत्या तेव्हा काढलात आणि फ्रिजवर ठेवून दिलात. यांचं हल्ली असंच. सगळं विसरतात."

नमितानं काकूंच्या हातातला केसपेपर घेतला. तिला वाचायला वेळ लागला नाही, ते तिचं काम होतं. सत्त्याण्णव सालचा जुलै. वय नऊ. वारंवार पडणे, बटणे लावता येत नाहीत, बुद्धी उत्तम. मुंबईस तज्ज्ञांकडे पाठविले. त्याखाली ऑगस्ट : तज्ज्ञांचे पत्र आले. डिस्प्रॅक्सिया. आईवडिलांस समजावून सांगितले. मग सोळाव्या वर्षी, जिन्यावरून पडली : टॉनिक. बाविसाव्या वर्षी, हात भाजला : मलम, लक्ष देऊन काम करण्यास सांगितले. आणि सर्वांत खाली, ताज्या शाईत, गेल्या मंगळवारची तारीख : मुंबईचे पत्र आईस परत दिले.

माणसानं आयुष्यभर नोंदी ठेवल्या की असं होतं. हात आपोआप चालतो.

"तुम्ही मला टॉनिक दिलंत," नमिता म्हणाली.

"तुझ्या आईनं शब्द घेतला होता. मुलीची जात, पुढं लग्नात आडवं यायला नको. त्या काळी..."

"मी बावीस वर्षांची होते. भाजलेला हात घेऊन आले. तुम्ही मला म्हणालात, लक्ष देत जा."

"मग दिलंस की नाही लक्ष?" काकांनी विनोद करून बघितला. तो पडला. "हे बघ, हैबतरावांनी मला विचारलं होतं, मुलगी निरोगी आहे ना? मी म्हटलं, एकदम. आता मीच लिहून देऊ, की नव्हती? म्हातारपणी माझ्या शब्दाचं काय?"

केसपेपर टेबलावर तसाच ठेवून नमिता उठली. आईचं घर दोन गल्ल्या पलीकडं.

गिरजाबाई अंगणात पापड उन्हात पसरत होत्या. लेकीच्या चेहऱ्याकडं बघून त्यांनी विचारलं नाही, काय झालं म्हणून. त्यांनी एक पापड उलटा केला.

"पत्र कुठंय?"

"बंबात घातलं. पाणी तापवायला."

"आई, त्याच्यावर माझी नोकरी होती."

"नोकरी काय, दुसरी मिळंल. नवरा दुसरा मिळंल का? तुझ्या सासऱ्यानं वाचलं असतं म्हंजे? बारा वरसांनी म्हनले असते, फसवली आमाला."

"फसवलीच होती ना."

"आमी?" गिरजाबाईंचा आवाज चढला. "त्या दिवशी मैनानं लाटलेले पापड तुझे म्हून ताटात मांडले, तवा तू गप बसलीस का नाय गो? तवा बरं चाललं तुला?"

हे खरं होतं. नमिता गप्प बसली होती. आपले पापड म्हणजे जिल्ह्याचा नकाशा, कुठं अलिबाग बाहेर आलेलं, कुठं महाड लोंबतंय, अशी घरची जुनी चेष्टा होती. आई आपली लाज झाकतेय असं तिला वाटलं होतं, आणि त्याबद्दल ती आईची ऋणी होती.

"मला वाटायचं मी नीट प्रयत्न करत नाही," ती म्हणाली. "तू रोज मला तेच सांगायचीस. लक्ष दे, लक्ष दे. फुंकणीनं हातावर मारायचीस. तुला माहीत असून."

"मारून सुदरंल असं वाटायचं," गिरजाबाई म्हणाल्या, आणि यावर त्यांनी दुसरा पापड उलटा केला.

"मैनाला माहीत होतं?"

"तिला सांगितल्याबिगर ती लाटायला बसली असती का?"

नमिता परत काकांच्या ओटीवर आली. ती भांडली नाही. तिनं कोरा कागद पुढं ठेवला. केसपेपरातली नोंद त्यांच्या सहीनं उतरवून द्यावी, आणि शेवटी एकच ओळ घालावी : आईवडिलांच्या सांगण्यावरून रुग्णास कळविले नाही. पनवेलचे डॉक्टर तेच विचारतात, एवढी वर्षं कसं कळलं नाही. त्याचं उत्तर या एका ओळीत आहे.

काकांनी पाऊण तास लावला. सत्त्याण्णव सालचं सगळं लिहिलं, सुवाच्य अक्षरात, सही केली, नोंदणी क्रमांक घातला. ती ओळ घातली नाही.

"बाकी सगळं आहे ना? तेवढ्यावर काम होईल तुझं," ते म्हणाले. "बापासारखा आहे मी तुला."

"व्हय," नमिता म्हणाली. वडिलांनाही माहीत होतंच.

रोह्याला निलेश स्टँडवर न्यायला आला होता. मोटारसायकलवर मागं बसून तिनं सगळं सांगितलं, पापडांसकट. कुंडलिका नदीच्या पुलावर त्यानं गाडी हळू केली. मग म्हणाला, "म्हणजे मी बारा वर्षं पाहुण्यांना ते कपबशीचं सांगतोय..." पुढं म्हणाला, "दादांना नको सांगू हां, एवढ्यात." दादा म्हणजे त्याचे वडील, हैबतराव. त्यालाही घर सांभाळायचं होतं.

पनवेलच्या डॉक्टरांनी काकांचा कागद दोनदा वाचला. स्वर बदलला. या वेळी त्यांनी बोटं नाकाला लावायला सांगितली, एका रेषेत चालायला लावलं, शर्टाची बटणं घालून दाखवायला लावली, वीस मिनिटं. फिल्म त्याच होत्या, हात तेच होते. वाढला होता तो एक कागद. लिहायला बसले आणि पेन थांबवून त्यांनी विचारलं, "नोंद आहे, निदान आहे. मग तुम्हाला आजवर कळलं कसं नाही? हे लिहावं लागतं."

नमितानं तोंड उघडलं. तिच्यासमोर अंगणातली आई होती, पुलावरचा निलेश होता, एकोणऐंशी वर्षांचा शब्द होता. महिना संपायला चार दिवस राहिले होते.

"घरच्यांच्या लक्षात आलं नाही," ती म्हणाली.

डॉक्टरांनी मान हलवली. गावाकडं असं होतं, हे त्यांना पटण्यासारखं होतं. त्यांनी तसं लिहिलं, शिक्का मारला.

बदली झाली. डॉक्युमेंटेशनच्या खोलीत काच म्हणजे फक्त खिडकीची. समीक्षा मॅडमनी प्रमाणपत्राची प्रत वैयक्तिक फाइलला लावायला नमिताकडंच दिली, कारण आता ते तिचंच काम. तिनं तीन मेमोंच्या वर ते लावलं.

दुपारी पेणहून फोन आला.

"मिळाला म्हनं कागद?" गिरजाबाई म्हणाल्या.

"मिळाला."

"आमचं काय नाय ना त्याच्यात?"

"हाय ना. लिवलंय, घरच्यांच्या लक्षात आलं नाही."

पलीकडं गिरजाबाईंनी सुटकेचा श्वास टाकला, तो रोह्यापर्यंत ऐकू आला.

"बरं केलंस गो बाय," त्या म्हणाल्या. "शानी हायस तू. मग रविवारी येत्येस ना?"

नमितानं फोन ठेवला. तो पुन्हा वाजला, थांबला, पुन्हा वाजला. तिच्यासमोर सप्टेंबरचं रजिस्टर उघडं होतं, आणि ती बॅच नंबर तपासत राहिली.